ताप घेऊन कामावर येणाऱ्यांचं कौतुक थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्लूचा मोसम सुरू झाला की वर्तमानपत्रांतून ‘अशी घ्या काळजी’ छापाचा मजकूर येऊ लागतो. हात धुवा, गर्दीत जाणं टाळा, नाकातोंडाला हात लावू नका. त्यात गैर काहीच नाही. पण हा सगळा उपदेश धडधाकट माणसाला केलेला असतो. ज्याला ताप भरलाय त्याच्या वाट्याला ‘आजारी असल्यास घरी विश्रांती घ्या’ ही शेवटची ओळ येते, तीही जागा उरली तर. मी एका कचेरीत आस्थापना शाखेत काम करते. रजेचे अर्ज, हजेरी, वैद्यकीय दाखले सगळं माझ्या टेबलावरून जातं. इतकी वर्षं तिथे बसून माझं मत झालंय की खरी गोम त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि नेमकी तीच कोणी पाळत नाही. खरं तर पाळणाऱ्याला पाळू देत नाहीत.

साथ कशी फिरते हे मला रजेच्या नोंदवहीत दिसतं. सुरुवात एखाद्या टेबलापासून होते. त्या टेबलाचा माणूस रजा टाकत नाही, तो येतो. मग दोन-तीन दिवसांनी त्याच्या शेजारचीचा अर्ज येतो, मग समोरच्याचा, मग दुपारी एकत्र जेवायला बसणाऱ्या गटातल्या एकेकाचा. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोन. नोंदवहीतल्या तारखा या हिशेबाशी इतक्या बिनचूक जुळतात की वाचताना कसंसंच होतं. ज्याच्यापासून सुरुवात झाली त्याचा अर्ज मात्र शेवटपर्यंत येत नाही. वर्षअखेरीस त्याच्या रजा शिल्लक, बाकीच्यांच्या संपलेल्या. आणि गोपनीय अहवालात ‘नियमित’ असा शेरा त्यालाच.

मागच्या मोसमातला एक प्रसंग सांगते. आमच्याच दालनातला एक सहकारी, माणूस सज्जन, कामाला वाघ. डोळे लालभडक, नाकाचा शेंडा पुसून पुसून सोललेला, अंगात कणकण म्हणून खांदे आक्रसून बसलेला. रुमालाचा बोळा कळफलकाला टेकून ठेवलेला. तो उचलायचा, नाक पुसायचं, परत तिथेच ठेवायचा आणि त्याच हाताने फाइल पुढे सरकवायची. मध्येच जिभेला बोट लावून पानं उलटायची. टेबलाच्या कोपऱ्यावर पॅरासिटामॉलची पट्टी, निम्मी रिकामी. साहेब फेरी मारताना त्याच्यापाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की अंगात ताप असून माणूस हजर आहे, जरा शिका याच्याकडून. आम्ही शिकलो. पुढच्या आठवड्यात निम्मं दालन अंथरुणात होतं.

त्या गोळ्यांच्या पट्टीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. सकाळी ताप मोजला, गोळी घेतली, तासाभरात अंग थंड, म्हणजे मी बरा, निघालो कामावर. गोळी तापाचा आकडा खाली आणते, विषाणूला तिचं काही देणंघेणं नसतं. तो नाकाघशातून बाहेर पडतच असतो. उलट पूर्वी ताप माणसाला निदान झोपवून तरी ठेवायचा, आता गोळी त्याला उठवून बसमध्ये बसवते. म्हणून आरोग्ययंत्रणा जो साधा नियम सांगतात त्यात एक अट असते, ती सांगताना बहुधा गाळली जाते: ताप उतरल्यावर, आणि तोही तापाची गोळी न घेता उतरल्यावर, निदान 24 तास घरी थांबायचं, बाकीची लक्षणंही ओसरायला लागलेली असली पाहिजेत. ‘गोळी न घेता’ हे शब्द सुटले की नियमच उरत नाही.

यावर मला कचेरीत हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘अहो, साधा फ्लू तर आहे.’ ज्याला आहे त्याच्यापुरता तो साधा असेलही. आमच्या शाखेतली एक मुलगी नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून हजर झाली. घरी बाळ पाच महिन्यांचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईने गरोदरपणात लस घेतली असेल तर तिची प्रतिपिंडं बाळाला काही महिने सांभाळतात. एरवी त्या बाळाचं संरक्षण म्हणजे त्याच्या आजूबाजूची माणसं. म्हणजे ती मुलगी, आणि तिच्या शेजारी बसून शिंकणारे आम्ही.

दुसरं उदाहरण माझ्या घरातलं. माझ्या धाकट्या भावाचं मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं आहे. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दबलेली ठेवावी लागते, आणि ती औषधं जन्मभर घ्यायची. तो दरवर्षी लस घेतो, पण अशा माणसाला लसीचा उपयोग इतरांइतका होत नाही. हात धुणं, मास्क, गर्दी टाळणं, त्याच्याकडून होण्यासारखं तो सगळं करतो. आणि मग मी कचेरीतून घरी येते. मी दाराशीच कपडे बदलते, साबणाने हात धुते, जरा घसा धरल्यासारखा वाटला तर त्याच्या खोलीकडे फिरकत नाही. ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवते आणि त्याला फोन करते. शेजारच्या खोलीत असून फोनवर बोलणारी भावंडं बघून पाहुणे हसतात. हसोत. पण फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण देऊ शकतो, तेव्हा माझी ही सगळी सावधगिरी एका मर्यादेपर्यंतच पुरते. त्यापुढे माझा भाऊ तुमच्या हातात आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले, पासष्टी ओलांडलेले, गरोदर बायका, पाच वर्षांच्या आतली मुलं (त्यातही दोनच्या आतली), या सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच. प्रत्येक दालनात, प्रत्येक वर्गात अशांपैकी कोणाचं तरी कोणीतरी असतंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मोसमी फ्लूमुळे दरवर्षी जगभरात 2 लाख 90 हजार ते 6 लाख 50 हजार माणसं केवळ श्वसनाच्या गुंतागुंतीने दगावतात. यात हृदयविकाराने गेलेले धरलेले नाहीत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं. ताप अंगावर काढत जिने चढणाऱ्या पन्नाशीच्या पुढच्या आमच्या शूरवीरांनी एवढं तरी वाचावं.

आणि ‘घरी बसून काय होणार, साथ यायची ती येतेच’ असं म्हणणाऱ्यांसाठी तर पुरावा फार जुना नाही. 2020-21 मध्ये करोनामुळे माणसं घरी थांबली, तोंड झाकलं, शिंकणाऱ्याकडे लोक वळून बघू लागले, आणि त्या वर्षी जगभर फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला. इतकंच नव्हे, फ्लूच्या ‘बी’ प्रकारातली यामागाता नावाची एक शाखा मार्च 2020 नंतर जगात कुठे फिरताना खात्रीलायकरीत्या सापडलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2023 मध्ये सांगून टाकलं की तिच्यासाठीचा घटक लसीत ठेवण्याची आता गरज नाही. चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांवर आली. अख्खी शाखा दिसेनाशी झाली, तीही कोणी तिच्या पाठीमागे मुद्दाम लागलेलं नसताना. तसं टाळेबंदीत पुन्हा जगावं असं मी म्हणत नाही, देव न करो. पण आजारी माणसाने चार-पाच दिवस घरी थांबण्याने काही होत नाही हे आता कोणी मला सांगू नये.

लसीबद्दल दरवर्षी तीच चर्चा होते. ‘मी घेतली होती, तरी झाला.’ असं होऊ शकतं. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. दालनात खोकला सुरू झाल्यावर धावत जाऊन घेतलेली लस त्या फेरीत कामी येईलच असं नाही. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून दर वर्षी दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या मोसमाच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे हे ठरवावं लागतं. तो अंदाज असतो, आणि अंदाज कधी जमतो, कधी थोडा हुकतो. जमलेल्या वर्षीही लस आजाराचा धोका ढोबळमानाने 40 ते 60 टक्क्यांनी कमी करते, पूर्ण नाही. मला विचाराल तर निम्मा धोका एका टोचणीत टळत असेल तर तो सौदा वाईट नाही, शिवाय लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो त्यांचं दुखणं बहुधा हलक्यावर भागतं. ‘लसीनेच फ्लू झाला’ हे मात्र खरं नाही. दंडात टोचतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो. एखादा दिवस दंड दुखेल, अंग कसकसेल. आणि मोसमात फिरणाऱ्या सर्दी-पडशाच्या डझनभर इतर विषाणूंचं पाप तिच्या माथी मारू नये.

वस्तूंबद्दल आमच्याकडे भलत्याच कल्पना आहेत. लोक फाइलींना घाबरतात आणि हजेरीच्या यंत्रावर बिनधास्त अंगठा टेकवतात. प्रयोगांत दिसलंय ते उलटं आहे: स्टील, प्लॅस्टिक अशा गुळगुळीत पृष्ठभागांवर फ्लूचा विषाणू 24 ते 48 तास टिकू शकतो, कागदावर आणि कापडावर त्याहून बराच कमी. तेव्हा अंगठ्याचं यंत्र, दाराची मूठ, सगळ्यांचा मिळून एक असलेला स्टेपलर, लिफ्टचं बटण हे पुसा. मुख्य वाट मात्र हवेचीच. खोकला, शिंक, बोलणं यांतून उडणारे थेंब आणि बारीक तुषार. बंद दालनात वातानुकूलन यंत्र तीच हवा फिरवत राहतं. खिडकी उघडायला पैसे पडत नाहीत, पण आमच्या दालनात खिडकीवरून जितकी भांडणं होतात तितकी बढतीवरूनही होत नाहीत. मास्क आजारी माणसाने घातला तर जास्त उपयोगाचा, कारण तो मूळ ठिकाणीच अडवतो. खोकला तळहातावर न घेता कोपराच्या घडीत घ्यावा. आणि नाक शिंकरून सॅनिटायझरचे दोन थेंब चोळणाऱ्यांसाठी: जपानमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिलं की बोटांवर ओला शेंबूड असेल तर अल्कोहोल त्यात सहज शिरत नाही, विषाणू काही मिनिटं तग धरतो. उठा, नळ सोडा, साबणाने वीस सेकंद चोळून हात धुवा.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते. माणसं ताप घेऊन कामावर येतात ती हौसेने नव्हे. आमच्याकडे बाह्यस्रोतातून घेतलेली संगणकावर नोंदी करणारी मुलं आहेत. हजेरी तेवढा पगार. त्यातल्या एकाला मी घरी जा म्हटलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, आजचे पैसे तुम्ही देता का?’ या प्रश्नाला आस्थापना शाखेकडे उत्तर नाही. ज्याला घरी थांबणं परवडत नाही त्याच्यावर मी रागावणार नाही. ज्यांना परवडतं, पगारी रजा शिल्लक आहे, आणि तरी ‘माझ्यावाचून अडतं’ म्हणून येतात, राग त्यांचा आहे. त्याहून राग ज्यांनी नियम असे केले त्यांचा.

उदाहरणार्थ वैद्यकीय दाखला. आमच्या नियमानुसार एका दिवसाची आजारपणाची रजा असली तरी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. त्याचा परिणाम बघा. तीन अंश ताप चढलेला माणूस, ज्याला अंथरुणात पडून पाणी पिण्यापलीकडे बहुधा काही लागत नाही, तो उठतो आणि दवाखान्यात नंबर लावून बसतो. शेजारी कोण? तान्हं बाळ घेतलेली आई, गरोदर बाई, रक्तदाबाच्या तपासणीला आलेले आजोबा. म्हणजे ज्यांना फ्लूपासून सर्वांत जास्त जपायचं त्यांच्यातच आम्ही आमचा रुग्ण एका कागदापायी नेऊन बसवतो. आणि तो कागद? मी आजवर शेकडो बघितलेत. ‘ताप व अशक्तपणा, तीन दिवस विश्रांतीचा सल्ला.’ तारीख बदलली की झाला नवा. माणसाने स्वतः लिहून दिलं असतं तर मजकूर हाच असता. ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरांचा कागद लागतच नाही, कर्मचाऱ्याचं स्वतःचं निवेदन चालतं. कोणी म्हणेल, मग लोक खोट्या रजा घेतील. घेतील काही. ते आत्ताही घेतात, दाखल्यासकट. मी त्यांना नावानिशी ओळखते.

दुसरी गोष्ट शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसाची. शाळांतून मुलांना प्रशस्तिपत्रक, कचेऱ्यांतून मोठ्यांना. वर्षभरात एकही दिवस न चुकवणारं लेकरू एक तर फार नशीबवान असतं, नाही तर तापातही दप्तर घेऊन आलेलं असतं. मुलं फ्लूचा विषाणू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस पसरवू शकतात, हे माहीत असताना आपण त्यांना येण्याबद्दल टाळ्या वाजवतो. ते बक्षीस बंद करा, नाही तर आजारपणाचे दिवस मोजणीतून वगळा. यासाठी ना निधी लागतो ना समिती.

घरी थांबलेल्यांनीही सगळंच दैवावर सोडू नये. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी ताप येताच डॉक्टरांना फोन करावा, कारण फ्लूवरची ओसेल्टामिव्हिरसारखी औषधं पहिल्या 48 तासांत सुरू केली तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स गिळू नयेत, ती विषाणूवर चालत नाहीत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. फ्लूत त्यातून रे सिंड्रोम नावाचा क्वचित होणारा पण गंभीर विकार उद्भवू शकतो. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागणं, मुलाने बराच वेळ लघवी न करणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठावं. आणि उतरलेला ताप दोन दिवसांनी वाढत्या खोकल्यासह पुन्हा चढला तर ते ‘उलटलं’ म्हणून घरी बसू नये, तो न्यूमोनिया असू शकतो.

संपादक महाशय, आपल्याला एक विनंती. यंदा फ्लूवरचा मजकूर छापाल तेव्हा त्यातली शेवटची ओळ वर घ्या आणि चौकटीत छापा: ‘तापाची गोळी न घेता ताप उतरून 24 तास होईपर्यंत घरी थांबा, अधिकाऱ्यांनी आणि शिक्षकांनी थांबू द्या.’ अक्षर जरा ठळक असू द्या. परिपत्रक काढायचा अधिकार मला नाही, आणि मी ठेवलेली टिप्पणी गेल्या मोसमापासून वरच्या टेबलावर ‘चर्चा करावी’ एवढ्या शेऱ्यानिशी पडून आहे. वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवायला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. अंगठ्याच्या यंत्राच्या बरोबर वर भिंतीवर जागा रिकामी आहे, मी मोजून ठेवली आहे. दोन स्तंभांची चौकट नीट बसेल.

कळावे,
आपली एक वाचक
(आस्थापना शाखेतील कर्मचारी. कृपया नाव छापू नये.)